पहिला तास: शेकडो जखमी एकाच वेळी दारात आले तर रुग्णालयाने आणि वस्तीने काय तयार ठेवावं

२० मार्च १९९५ रोजी सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हे विष सोडलं गेलं. त्या दिवशी सेंट ल्यूक्स इंटरनॅशनल या एका रुग्णालयात ६४० रुग्ण आले. बरेचसे पायी आले, कुणी टॅक्सीने, कुणी वाटेत थांबलेल्या गाडीतून. एवढी माणसं मावली याचं कारण काही वर्षं आधी घेतलेल्या एका निर्णयात होतं. रुग्णालयाचे प्रमुख शिगेआकी हिनोहारा यांनी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यानंतर जागेवाचून, साहित्यावाचून माणसं दगावताना पाहिली होती. १९९२ मध्ये नवी इमारत उभी राहिली तेव्हा मार्गिकांच्या आणि प्रार्थनागृहाच्या भिंतींतही ऑक्सिजनच्या जोडण्या होत्या. तीन वर्षांनी ते प्रार्थनागृह वॉर्ड झालं.

त्याच रुग्णालयात त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. रुग्णाचे कपडे उतरवून, अंग धुऊन मगच त्याला आत घेण्याची व्यवस्था नव्हती. कपड्यांतलं विष आत आलं आणि नंतरच्या पाहणीत सुमारे २३ टक्के कर्मचाऱ्यांनी आपल्यालाही त्रास झाल्याचं सांगितलं. अशी सोय ऐन गर्दीत सुचत नाही आणि सुचली तरी उभारता येत नाही.

मोठ्या दुर्घटनेची तयारी म्हटलं की जाड फाईल, समितीची बैठक आणि कपाटातलं कुलूप डोळ्यांसमोर येतं. माझं ठाम मत आहे की योजना लिहायची ती पहिल्या तासाची, आणि रात्री अडीच वाजता कामावर असलेल्या माणसांना धरून. त्या वेळी अधीक्षक घरी असतात, भांडारपाल घरी असतो, किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. हजर असते एक सिस्टर, एक तरुण डॉक्टर, दोन वॉर्डबॉय आणि दारावरचा सुरक्षारक्षक. त्यांना जमेल तेवढीच योजना खरी.

पायरी १: आपला आकडा काढा

‘सामूहिक दुर्घटना’ म्हणजे किती जखमी? याचं उत्तर प्रत्येक रुग्णालयाचं वेगळं असतं. मोठ्या ट्रॉमा सेंटरला तीस जखमी झेपतील, तर छोट्या रुग्णालयाला आठ जणांतच दम लागेल. गरज आणि हाताशी असलेली साधनं यांचं गणित मोडलं की दुर्घटना सामूहिक झाली.

हा आकडा खाटा मोजून निघत नाही. एका वहीत चार गोष्टी लिहा: रात्री अर्ध्या तासात किती शस्त्रक्रिया टेबलं सर्जन आणि भूलतज्ज्ञासह सुरू होऊ शकतात, किती व्हेंटिलेटर खरोखर चालू स्थितीत आणि मोकळे असतात, ओ निगेटिव्ह आणि ओ पॉझिटिव्ह रक्ताच्या किती पिशव्या असतात, आणि गंभीर जखमीपाशी उभं राहू शकतील अशा किती जोड्या जमतील. एका जोडीत एक डॉक्टर आणि एक सिस्टर. या चारांतला सर्वांत लहान आकडा ही तुमची खरी क्षमता. तो दोन असेल तर दोनच लिहा. फुगवलेल्या आकड्यावर बेतलेली योजना पहिल्या दहा मिनिटांत कोसळते.

पायरी २: घोषणा कोण करणार

घोषणेचा अधिकार त्या क्षणी हजर असलेल्या कर्तव्यावरच्या डॉक्टरला द्या, लेखी द्या. ‘साहेबांना विचारून सांगतो’ यात पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात पहिली लाट दारात येते. घोषणा करून पुढे काहीच झालं नाही तरी कुणालाही जाब विचारला जाणार नाही, हेही त्याच कागदावर असू द्या. हे वाक्य नसेल तर तरुण डॉक्टर घोषणा करायला धजत नाही.

फोन घेणाऱ्याजवळ सहा प्रश्नांचा कागद चिकटवलेला हवा: नेमकं ठिकाण कोणतं, काय घडलं, अजून कोणता धोका आहे (आग, वायू, दुसरा स्फोट), तिथे जायचा मोकळा रस्ता कोणता, अंदाजे किती जखमी, आणि तिथे मदतीला कोण पोचलंय. उत्तर मिळेल तसं लगेच लिहायचं. लक्षात ठेवलेला निरोप दुसऱ्या माणसापर्यंत जाईतो बदलतो.

माणसं बोलावण्याची यादी कागदावर असावी आणि दर तीन महिन्यांनी तपासावी. मोबाइलचं जाळं अशा वेळी तुंबतं, म्हणून चालत पाच मिनिटांत येऊ शकतील अशांची नावं वर ठेवा. आणि सगळ्यांना एकदम बोलावू नका. हा मोह फार मोठा असतो. पण बारा तासांनी ताज्या दमाचे हात लागणारच आहेत. निम्म्यांना निरोप द्यायचा, ‘झोप घ्या, सकाळी सातला या.’

पायरी ३: दार

माझ्या मते सगळं प्रकरण इथेच जिंकलं किंवा हरलं जातं, म्हणून याच पायरीवर जास्त थांबतो.

आधी एक समजूत काढून टाका. रुग्णवाहिका शिस्तीत येतील, घटनास्थळी वर्गवारी झालेली असेल, गळ्यात चिठ्ठ्या असतील, असं होत नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगासमध्ये संगीत महोत्सवावर गोळीबार झाला. सनराइज रुग्णालयात काही तासांत दोनशेहून अधिक जखमी आले आणि त्यांतले बहुतेक खासगी गाड्यांतून, पिकअपच्या मागच्या भागात पडून आले. नेहमी दिसणारा क्रम असा: ज्यांना चालता-पळता येतं ते आधी पोचतात, सर्वांत जवळच्या दारात. कॅज्युअल्टी खरचटलेल्या, घाबरलेल्या माणसांनी भरते. मग अर्ध्या तासाने खरे गंभीर जखमी येतात, तेव्हा त्यांना ठेवायला स्ट्रेचरची जागाही उरलेली नसते.

म्हणून वर्गवारी, म्हणजे ट्रायज, दाराच्या आत करायची नाही. बाहेर करायची, छपराखाली, भरपूर उजेडात. आत येण्याचं दार एक, बाहेर जाण्याचं वेगळं. गाडी थांबते, रुग्ण उतरतो, गाडी पुढे निघून जाते. उलटी फिरणारी एक गाडी सगळी रांग अडवते. सुरक्षारक्षक इथला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे, पण बैठकीला त्याला क्वचितच बोलावतात. त्याला बोलावा.

ट्रायज कुणी करावं? नवख्याने नव्हे. वर्षानुवर्षं कॅज्युअल्टीत काम केलेली सिस्टर किंवा अनुभवी डॉक्टर. त्यांनी उपचार करायचे नाहीत. वायुमार्ग मोकळा करणं आणि वाहतं रक्त थांबवणं, एवढ्याच दोन गोष्टींना परवानगी. एका रुग्णामागे अर्धा ते एक मिनिट. हे मनाला फार जड जातं, म्हणून त्याचा सराव लागतो.

पद्धत कोणतीही घ्या, पण सगळ्यांनी एकच घ्या. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे १९८३ मध्ये रुग्णालय आणि अग्निशमन दलाने मिळून तयार केलेली ‘स्टार्ट’ पद्धत शिकायला सोपी आहे. तिच्यात चार रंग असतात: लाल म्हणजे लगेच उपचार हवेत, पिवळा म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल, हिरवा म्हणजे किरकोळ जखम, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नाही. आधी मोठ्याने सांगायचं, ‘ज्यांना चालता येतं त्यांनी तिकडे चला.’ जे उठून गेले ते हिरवे. उरलेल्यांपाशी जायचं. श्वास नसेल तर मान सरळ करून वायुमार्ग मोकळा करायचा. तरीही श्वास आला नाही तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाला नाडी लागत नसेल, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ सेकंदांहून जास्त लागत असतील, तर लाल. ‘माझं बोट दाबा’ एवढं सांगूनही कळत नसेल तर लाल. बाकीचे पिवळे. लहान मुलाला श्वास नसला पण नाडी लागत असली, तर काळं ठरवण्याआधी ५ श्वास देऊन पाहायचे. मुलांचं हृदय बहुधा श्वास अडल्यामुळे थांबतं, हे त्यामागचं कारण.

ट्रायज एकदाच करून संपत नाही. पिवळा तासाभरात लाल होतो, पोटात रक्तस्राव असलेला माणूस हिरव्यांच्या रांगेत शांत बसलेला असतो. हिरव्यांच्या जागी एक अनुभवी सिस्टर सतत फिरती हवी. उलट चूकही तितकीच घातक: भीतीपोटी सगळ्यांनाच लाल केलं की खऱ्या लालला टेबल मिळत नाही. बॉम्बस्फोटांच्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं आहे की अनावश्यक ‘लाल’चं प्रमाण वाढलं की गंभीर जखमींतले मृत्यूही वाढतात.

जे जगण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्यांच्यासाठी वेगळी, शांत जागा ठेवा. वेदनाशामक द्या, एक माणूस जवळ बसू द्या. आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाहा. गर्दी ओसरली तर त्यांच्यातल्या कुणाला अजूनही संधी असू शकते.

विषारी वायू, रसायन किंवा अनोळखी वास असेल तर आत कुणालाही घेऊ नका. बाहेर, वाऱ्याच्या दिशेचा अंदाज घेऊन, कपडे उतरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. बहुतांश दूषित भाग कपड्यांबरोबरच निघून जातो. स्त्री-पुरुषांसाठी वेगळे आडोसे, अंगावर घ्यायला चादरी आणि नाव लिहून ठेवायला पिशव्या आधीच बांधून ठेवा. संकोचापोटी कपडे न काढलेला माणूस स्वतःला आणि वॉर्डालाही धोक्यात घालतो. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळमधल्या डॉक्टरांसमोर हजारो माणसं आली, तेव्हा नेमका कोणता वायू अंगावर आलाय हेच त्यांना कुणी नीट सांगत नव्हतं. आसपासच्या कारखान्यांत कोणती रसायनं साठवलेली आहेत, त्यांची लक्षणं आणि उतारा काय, याचा एक कागद आजच कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावा.

किती येतील याचा ढोबळ अंदाज असा: पहिल्या तासात जेवढे आले, त्याच्या साधारण दुप्पट एकूण येतात. रस्ते बंद असतील किंवा इमारत कोसळून माणसं आत अडकली असतील, तर हा हिशेब लागू होत नाही.

पायरी ४: जागा आणि साहित्य

घोषणा झाली की प्रत्येक वॉर्डच्या सिस्टरने पंधरा मिनिटांत नावांच्या दोन याद्या द्यायच्या: आत्ता घरी जाऊ शकणारे, आणि आयसीयूतून साध्या वॉर्डात हलवता येणारे. यालाच उलटं ट्रायज म्हणतात. ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबतात, पण टेबलावर असलेल्या रुग्णाची शस्त्रक्रिया पूर्ण होते. डिस्चार्जचे कागद नंतर, माणूस आधी. हिरव्यांसाठी वेगळी इमारत, बाह्यरुग्ण विभाग किंवा सभागृह. तिथे ड्रेसिंग, धनुर्वाताची लस, पाणी आणि बसायला जागा.

ऑक्सिजनचा हिशेब कागदावर करा, डोक्यात नको. २० रुग्णांना मिनिटाला १० लिटर दिला तर मिनिटाला २०० लिटर लागतो. सुमारे ७,००० लिटरचा मोठा सिलिंडर ३५ मिनिटांत संपेल. २४ तासांना असे ४२ सिलिंडर लागतील. ते कुठून येतील, कोण चढवेल, पाना कुठे आहे? ही तीन उत्तरं लिहिलेली नसतील तर भांडारातल्या सिलिंडरांच्या संख्येला अर्थ नाही.

साहित्य एकगठ्ठा कपाटात कोंडू नका. चाकांच्या ट्रॉलीवर ठेवा, कुलूप नको, मोडता येणारं सील असू द्या. टूर्निके (रक्त थांबवायला हाता-पायावर आवळायची पट्टी), जखमेत भरायची पट्टी, छातीच्या नळ्या, सलाईन, मोठ्या सुया, मुलांच्या मापाची साधनं. नेहमीच्या वापरात फिरवत राहा, म्हणजे मुदत संपत नाही.

रक्ताविषयी एक गोष्ट वस्तीनेही समजून घ्यायला हवी. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत लाखो पिशव्या रक्त जमलं. जखमींना लागल्या २६० हून कमी, आणि पुढे बरंच रक्त मुदत संपून टाकून द्यावं लागलं. जीव वाचवतं ते आदल्या आठवड्यात दिलेलं, तपासून शेल्फवर ठेवलेलं रक्त. म्हणून दात्यांची यादी रक्तगटानुसार करा आणि बोलावतील तेव्हाच या.

पायरी ५: आत आलेल्यांचा प्रवाह

आतला नियम एकच: रुग्ण पुढे जातो, कॅज्युअल्टीत परत येत नाही. सीटीला गेलेला तिथून वॉर्डात, आयसीयूत किंवा शस्त्रक्रियागृहात. सीटी हा हमखास तुंबणारा भाग, म्हणून कुणाचा सीटी करायचा हे एकच ज्येष्ठ माणूस ठरवतो. तसंच शस्त्रक्रियागृहाच्या दारात एक ज्येष्ठ सर्जन उभा. त्याने स्वतः चाकू हातात घ्यायचा नाही, क्रम लावायचा. पहिल्या फेरीत शस्त्रक्रिया तोकडीच करायची: रक्त थांबवा, दूषित होणं थांबवा, झाका, बाहेर काढा. उरलेलं उद्या.

रक्त तपासण्या आणि एक्स-रे यांच्यावर आवर हवा. ‘याने आत्ताचा निर्णय बदलणार आहे का?’ नाही, तर नको.

भूकंप आणि इमारत कोसळणं यांत वेगळाच धोका असतो. तासन्‌तास दबलेला पाय मोकळा झाला की स्नायूंतलं पोटॅशियम आणि इतर द्रव्यं रक्तात उतरतात, हृदय थांबू शकतं, मूत्रपिंडं बंद पडतात. तुर्कस्तानातल्या १९९९ च्या मार्मारा भूकंपात अशा ६३९ जणांची मूत्रपिंडं निकामी झाल्याची नोंद झाली आणि ४७७ जणांना डायलिसिस लागलं. शक्य असेल तर माणूस ढिगाऱ्याखाली असतानाच शिरेतून नॉर्मल सलाईन सुरू करा. प्रौढाला साधारण तासाला एक लिटर. रिंगर लॅक्टेट हे दुसरं सलाईन नको, त्यात पोटॅशियम असतं. आणि जवळपास किती डायलिसिस यंत्रं आहेत ते आधीच माहीत असू द्या.

पायरी ६: नाव, नातेवाईक, मृत

बेशुद्ध माणसांना ‘अज्ञात १’, ‘अज्ञात २’ म्हणू नका. साम्यामुळे चुकीचं रक्त चढतं. आधीच पाकिटं बांधून ठेवा: एकाच क्रमांकाचा मनगटपट्टा, केसपेपर, रक्ताच्या नळ्या आणि चिकटपट्ट्या. नाव कळलं तरी पहिले २४ तास क्रमांक बदलायचा नाही.

नातेवाइकांसाठी कॅज्युअल्टीपासून दूर, पण रुग्णालयाच्या आवारात जागा ठेवा. दर तासाला ठरल्या वेळी एकाच माणसाने माहिती सांगायची, नवीन काही नसलं तरीही. माहितीची वाट पाहणारा माणूस एका जागी थांबतो. माहिती न मिळालेला आयसीयूच्या दारापर्यंत पोचतो. एकट्या मुलाला फक्त ‘मी काका आहे’ म्हणणाऱ्याच्या हवाली करू नका, ओळख पटवा.

मृतदेहांमुळे साथी पसरतात ही समजूत मोठी आहे, पण अपघातात गेलेल्यांच्या बाबतीत तसा धोका क्वचितच असतो. घाईने, ओळख न पटवता विल्हेवाट लावली तर कुटुंबाचं दुःख आयुष्यभर उघडं राहतं. छायाचित्र, क्रमांक, अंगावरच्या वस्तू एकत्र, आणि थंड जागा.

पायरी ७: वस्ती

पहिली दहा मिनिटं डॉक्टरांची नसतात, शेजाऱ्यांची असतात. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये दुपारी २:४९ वाजता स्फोट झाले. तिघं जागीच गेले, अडीचशेहून अधिक जखमी झाले, अनेकांचे पाय गेले. पण जे जिवंत रुग्णालयात पोचले ते सगळे वाचले. जवळ उभ्या असलेल्यांनी पट्ट्यांनी, कपड्यांनी पाय आवळले होते, आणि जखमी एकाच दारात न कोंबता अनेक रुग्णालयांत वाटले गेले होते. या दोन गोष्टी कुठलीही वस्ती शिकू शकते.

रक्त थांबवणं शिकायला एक दुपार पुरते. जखमेवर दोन्ही हातांनी, शरीराचा भार टाकून दाब द्यायचा. खोल जखमेत स्वच्छ कापड गच्च भरायचं आणि वरून दाबत राहायचं. हाता-पायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या पाच ते आठ सेंटिमीटर वर, सांधा सोडून, रुंद पट्टी काठीने पिळून आवळायची, रक्त थांबेपर्यंत. दुखेल, तरी सैल करायची नाही. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा पट्टीवर लिहायची.

मग वाटणी. वस्तीतल्या वाहनचालकांची, तरुण मंडळांची, शाळांची एक बैठक घ्या आणि नकाशावर दाखवा: कुठे शस्त्रक्रिया होते, कुठे भाजलेल्यांचा विभाग आहे, कुठे फक्त ड्रेसिंग. चालता येणाऱ्यांना सर्वांत जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेऊ नका, दूरच्या छोट्या दवाखान्यात न्या. भाजलेल्यांसाठी तर आधीच लांबवरच्या रुग्णालयांशी बोलणी हवीत. २०१५ च्या जूनमध्ये तैवानच्या एका जलउद्यानात रंगीत पावडर पेटली आणि सुमारे ५०० जण भाजले. इतक्या भाजलेल्या रुग्णांना पुरेल असा विभाग जगातल्या कुठल्याही एका रुग्णालयात नाही.

बघ्यांनी रस्ता मोकळा ठेवणं हीसुद्धा मदत आहे. दोन-तीन जणांना फक्त तेवढंच काम द्या.

पायरी ८: रुग्णालयच जखमी झालं तर

४ ऑगस्ट २०२० च्या बैरूत स्फोटात सेंट जॉर्ज रुग्णालय इतकं मोडलं की रुग्णांना बाहेर काढावं लागलं. तिथल्या चार परिचारिका मरण पावल्या. जखमी येत होते आणि इमारतच उरली नव्हती. तुमची कॅज्युअल्टी काचांची असेल तर आजच काचांवर फिल्म लावा. जनरेटर तळघरात असेल तर पुरात तो पहिला जाईल. व्हेंटिलेटरवरचे रुग्ण अंधाऱ्या जिन्याने कसे उतरवायचे, हे एकदा रिकाम्या चादरीवर वाळूची पोती ठेवून करून पाहा. शेजारच्या रुग्णालयाशी ‘तुमचे आम्ही, आमचे तुम्ही’ असा लेखी करार ठेवा.

पायरी ९: सराव

१३ नोव्हेंबर २०१५ रोजी सकाळी पॅरिसच्या आपत्कालीन पथकांनी एकाच वेळी अनेक ठिकाणी हल्ला झाला तर काय, याचा सराव केला होता. त्याच रात्री तसेच हल्ले झाले आणि १३० जण मारले गेले. रात्री १०:३४ ला शहरातल्या सार्वजनिक रुग्णालयांची आपत्कालीन योजना लागू झाली. सकाळी सराव केलेली माणसं रात्री खऱ्या जखमींसमोर होती.

सराव सकाळी अकराला, पाहुण्यांसमोर, गणवेश इस्त्री करून केला तर उपयोग नाही. मी एकदा असाच मॉकड्रिल पाहिला होता: सगळं सुरळीत, टाळ्या वाजल्या. महिनाभराने रात्री फक्त फोनची यादी तपासली, तेव्हा निम्मे नंबर बंद निघाले. तेव्हापासून मी लहान सरावांवर भर देतो. एका रात्री फक्त फोन. एका रात्री फक्त वॉर्डांच्या याद्या. एका पहाटे ट्रॉली दारापर्यंत आणायला किती मिनिटं लागतात. वर्षातून एकदा पूर्ण सराव, वस्तीसह, गोंधळ घालणारे नातेवाईकही सोंगात असू द्या. प्रत्येक वेळी मिनिटं लिहा, एकच दोष निवडा, तो दुरुस्त करण्याची तारीख आणि माणूस ठरवा, आणि पुढच्या सरावाची सुरुवात त्याच दोषापासून करा.

खऱ्या घटनेनंतर पाळी सुटताना कर्मचाऱ्यांना जेवण, अंघोळ आणि घरी सोडायला गाडी द्या. बोलायला लावू नका, पण बोलायचं असेल त्याच्याजवळ बसा. महिनाभर झोप न लागणाऱ्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. सफाई करणाऱ्या मावशींना आणि दारावरच्या रक्षकालाही विचारा. त्या रात्रीचं बरंच काही त्यांनीच सर्वांत जवळून पाहिलेलं असतं.